खंडेनवमीचा विसावा

पिशवी या एका शब्दाने माझी झोप उडवली आणि त्या शब्दामागे मी चाकणला जाऊन आलो. एरवी मी कुठे जाणारा माणूस नाही. सेलूला माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीपासून फार लांब गेलं की मला परतायची घाई होते. घरी सगळे मला भित्रा म्हणतात. खोटं कशाला बोलू, आहेच मी भित्रा.

पण या खेपेला भीतीला कारण होतं. माझ्या बायकोला, सुमनला, सांधेवात आहे. आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. एक वेळ अशी आली की तिला साडीच्या निऱ्या धरता येईनात. पोस्टात सही करायला गेली ती अंगठा लावून आली, आणि ही एम.ए. झालेली बाई. त्या दिवशी ती रडली नाही, नुसती ओट्यापाशी बसून राहिली. परदेशी इंजेक्शनाने गुण येतो असं डॉक्टर सांगत, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग वर्षापूर्वी तसंच इंजेक्शन आपल्याकडे बनायला लागलं आणि ते आम्हाला झेपण्यासारखं होतं. पेनासारखं दिसतं, पोटावर टेकवून दाबायचं. चौथ्या महिन्यात सुमन स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली.

दुकानात फ्रिजची एक वही असते. इन्सुलिन, लशी वगैरे ज्यात ठेवतो त्या फ्रिजचं तापमान त्यात रोज सकाळी लिहायचं असतं. बोटांना सराव म्हणून ते काम तिने माझ्याकडून मागून घेतलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काय लिहू?"

"चार लिही."

"बघून लिहू का?"

"अगं, चारच असतं."

तिने चार काढला. गोल, सुरेख, शाळेतल्या फळ्यावर काढावा तसा. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आणि भाद्रपदात परभणीच्या स्टॉकिस्टने सांगितलं की हे इंजेक्शन संपलं, कंपनीचा पुढचा माल तयार व्हायला अजून तीन महिने. माझ्याकडे तीन पेनं उरली होती. पंधरा दिवसांऐवजी महिन्याला एक देऊन कशीबशी वेळ निभावून न्या, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नवा माल वेळेवर आला तर निभेल, नाही तर नाही. योगायोग असा की ते इंजेक्शन ज्या कारखान्यात तयार होतं तिथेच माझी पुतणी वृषाली नोकरीला आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "काळजी करू नका काका, बॅच लावलीय. पिशवीत वाढतेय."

"कशात?"

"पिशवीत. प्लॅस्टिकच्या."

आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दूध येतं, आणि नदीपलीकडच्या वस्तीवर आणखी एक गोष्ट येते जिचं नाव मी लिहीत नाही. माझ्या बायकोची बोटं ज्यावर उघडली ते औषध पिशवीत? आठ दिवस मला डोळ्याला डोळा लागेना. शेवटी सुमनच म्हणाली, "जावा एकदाचं, डोळ्यानं बघून या. इथं बसून मलाच घाबरवायलाव."

सप्तमी, मोशी

वृषाली आणि तिचा नवरा मोशीत सातव्या मजल्यावर राहतात. खाली बघितलं की मला गरगरतं म्हणून मी सोफ्याची भिंतीकडची बाजू धरली. समोर तशाच इमारतींच्या रांगा, त्यांच्यामध्ये अजून शिल्लक राहिलेला कोबीचा एक तुकडा, आणि पलीकडे इंद्रायणी. नदीवर पांढरा फेस होता. मला वाटलं बर्फ की काय. वृषाली म्हणाली, "काका, तिकडे बघू नका, जेवा."

तिने उपवासाची भगर केली होती, आमटीत शेंगदाण्याचं कूट जरा सढळ हाताने घातलेलं. आमच्याकडे आमटी पातळ असते, इथे चमचा उभा राहत होता. जेवताना तिने मला पिशवीचं प्रकरण समजावून सांगितलं. ही मुलगी लहानपणी माझ्या दुकानात बसून बाटल्यांवरची नावं वाचायची, आता मला शिकवत होती.

हॅमस्टर म्हणून उंदरांच्या भावकीतला एक प्राणी असतो. त्याच्या पेशींना हे औषध तयार करायला शिकवलेलं असतं. त्या पेशी एका पातळ खाद्यात वाढवायच्या, त्यांना ऊब द्यायची, हवा द्यायची, रोज खायला घालायचं. बारा-चौदा दिवसांनी त्या खाद्यातून औषध गाळून वेगळं करायचं. मोठ्या कारखान्यांत यासाठी पोलादाच्या दोनमजली टाक्या असतात. दर वेळी त्या वाफेने धुवायच्या, धुतल्याची खात्री करायची, आणि एका टाकीत बहुधा एकच औषध. ते फक्त मोठ्यांना परवडतं.

"आमचं म्हणजे पत्रावळीसारखं आहे," ती म्हणाली. "ताटं घासत बसायचं नाही. आतून निर्जंतुक करून आलेली पिशवी स्टीलच्या पिंपात बसवायची, काम झालं की फेकून द्यायची. मंगल कार्यालय असतं ना काका? हॉल तोच, आज एक लग्न, परवा दुसरं. आमची खोली तशी. या महिन्यात सांध्यांचं औषध, पुढच्या महिन्यात कॅन्सरचं, मग तिसरं. म्हणून तर आमच्यासारख्या छोट्या कंपनीला ते स्वस्तात करता येतं."

मला ते पटलं. पण भित्र्या माणसाचं डोकं भलतीकडेच धावतं. "आणि लग्न मोडलं तर?" मी विचारलं. "तारीख गेली तर?"

तिने माझ्या ताटात आमटी वाढली. "मग पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं. मधल्या तारखा दुसऱ्यांच्या असतात."

त्या रात्री सातव्या मजल्यावर मी पुन्हा जागाच.

अष्टमी, चाकण

आत जायची परवानगी मला नवमीची होती. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवतात. पण मला धीर धरवेना. मी वृषालीच्या स्कूटरवर मागे बसलो आणि तिथेच चूक केली. चाकणच्या रस्त्यावर दोन कंटेनरच्या मधून ती मुलगी स्कूटर अशी काढत होती की माझे गुडघे दोन्ही बाजूंच्या चाकांना लागतील असं वाटत होतं. एका लांबलचक गाडीवर नव्या कोऱ्या मोटारी दोन मजल्यांत रचल्या होत्या आणि ती गाडी वळताना आमच्या अंगावर कलल्यासारखी झाली. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. "काका, माझा खांदा सोडा, हँडल वळत नाहीये," असं ती ओरडली तेव्हा कळलं की मी तिच्या खांद्यात बोटं रुतवली होती.

कारखाना बाहेरून अगदीच साधा, आमच्याकडच्या कापसाच्या गोदामाएवढा. फाटकावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. शेजारच्या चहाच्या टपरीच्या कट्ट्यावर मी बसून राहिलो आणि दुपारी डबा घेऊन एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले. पन्नाशी उलटलेली, टोपी, कपाळाला अबीर, आणि छातीवर वृषालीच्याच कंपनीचं ओळखपत्र. नामदेव तात्या. चाकणच्या पलीकडच्या एका गावचे, घरची शेती थोडी. वीस वर्षं भोसरीत प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबण्याच्या मशीनवर काढली. तो कारखाना बंद पडल्यावर चार महिन्यांपूर्वी इथे लागले. इथे ते मागच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, जनरेटर सांभाळतात.

"घ्या पाव्हणं," त्यांनी डबा पुढे केला. "मासवडी हाय."

मी हात मागे घेतला. "नवरात्र आहे हो तात्या. मासे नको."

ते हसत सुटले. टपरीवाल्यालाही सांगितलं, त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला. "आवं, मासा कशाचा! ब्येसन हाय, आत तीळ-खोबरं. माशावानी दिसती म्हून मासवडी. खावा गुमान." मी खाल्ली. झणझणीत रश्शात बुडवलेली ती वडी अजून जिभेवर आहे. उपवास मोडला तो मोडलाच.

मग तात्या त्यांची तक्रार सांगायला लागले. उद्या खंडेनवमी. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे सण. मशीन बंद करायचं, पुसून लखलखीत करायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विसावा. पण इथे आत फूल न्यायचं नाही, कुंकू न्यायचं नाही. म्हणून साहेब लोकांनी तोडगा काढला होता. मशीनचा फोटो फ्रेम करून पुढच्या हॉलमध्ये ठेवायचा आणि त्याची पूजा करायची.

"फोटूची पूजा!" तात्या म्हणाले. "राव, फोटूला हार कवा घालत्यात? मानूस गेल्याव. जित्या मशीनच्या फोटूला हार घालायचा म्हंजी काय म्हनायचं याला?"

माझ्या अंगावर काटा आला. मी मान डोलावली, मनातून ते मला पटलं होतं. दुकानदार असलो तरी मीसुद्धा खंडेनवमी करतो. तराजू, बिलाचं मशीन आणि फ्रिज. फ्रिज आमच्या दुकानातला खरा राबणारा.

खंडेनवमी, चाकण

सकाळी फाटकाबाहेर असतानाच सुमनचा फोन आला. माझ्या गैरहजेरीत दुकानाची पूजा ती करणार होती. आवाज उत्साहाचा.

"झेंडू लई छान मिळालाय. आता फ्रिज बंद करायले. तुम्ही करता तसंच करू ना?"

"तसंच. आधी सगळं बाहेर काढ, मग नीट पूस. बर्फ पूर्ण वितळू दे, घाई करू नकोस."

"बरं. तुम्ही बघून या चांगलं."

मला भरून आलं. दोन वर्षांपूर्वी हीच बाई ओला फडका पिळू शकत नव्हती. मग फाटकावर मोबाइल कुलपात ठेवून घेतला आणि मी आत गेलो.

पुढच्या हॉलमध्ये फोटोची पूजा झाली. स्टीलचं पिंप आणि त्यात बसवलेली पिशवी असा तो फोटो, त्याला झेंडूचा हार. आरतीला तात्या दिसले नाहीत. मग आम्हा पाहुण्यांच्या पायांत कापडी पिशव्या चढवल्या, डोक्याला टोपी घातली आणि एका लांब काचेसमोर नेऊन उभं केलं. काचेपलीकडे खोली, आणि खोलीत ती.

मी जन्मात काही बघून इतका घाबरलो नव्हतो. माझ्या उंचीचं पिंप, त्याच्या आत तट्ट फुगलेली पारदर्शक पिशवी आणि तिच्यात ताकासारखं काहीतरी हलकेच ढवळलं जात होतं. सतरा नळ्या आत, सतरा बाहेर. वृषाली डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत आत उभी होती, फक्त डोळे दिसत होते. इतकी नाजूक वस्तू. एक टाचणी लागली तर? मी शेजारच्या बाईंना विचारलंसुद्धा, "फुटत नाही ना हो?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, माझा मुलगा पॅकिंगला आहे."

आज अकरावा दिवस होता. आणखी दोन-तीन दिवसांत ही पिशवी रिकामी होणार आणि तिच्यातून गाळलेलं औषध, तपासण्या संपल्या की, माझ्या फ्रिजपर्यंत येणार. मी त्या ताकाकडे बघत मनातल्या मनात हात जोडले.

आणि पिशवीचा वरचा भाग सैल पडला.

आधी मला भास वाटला. मग दिसलं की घडी पडते आहे, जशी इस्त्री न केलेल्या सदऱ्याला पडते. खोलीत लाल दिवा लागला. काचेतून आवाज येत नव्हता, पण वृषाली एकदम वळली आणि पडद्यावर बघायला लागली. तिने एक नळी तपासली, दुसरी तपासली, भिंतीवरचा फोन उचलला. कुणी घेतला नसावा. पुन्हा लावला. मी तिचे डोळे बघत होतो. लहानपणी ताप चढला की तिचे डोळे असे व्हायचे.  आम्हा पाहुण्यांना मागे सरकवलं गेलं, पण मी काचेचा कोपरा सोडला नाही.

पेशींना लागणारी हवा मागच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरकडून येते. तो बंद पडला तर शेजारचा दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामुळे शेडमधला फोन कुणी उचलला नाही तरी दोन्ही बंद असतील हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळे आतच दोष शोधत राहिले. या खोलीतून बाहेर यायचं तर कपडे बदलण्यात वेळ जातो. शेवटी कुणीतरी मागे शेडकडे धावलं. तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेली होती.

शेडमध्ये तात्या चप्पल काढून उभे होते. दोन्ही कॉम्प्रेसर पुसून लखलखीत केलेले, दोघांनाही हळदकुंकू, दोघांनाही हार, उदबत्तीचा धूर. एका हातात घंटा, एका हातात निरांजन. घंटेच्या आवाजात फोन वाजलेला त्यांना ऐकू आला नव्हता. दुसरं मशीन का बंद केलं, असं कुणीतरी ओरडून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एकाची पूजा करायची आन् दुसऱ्याला ठेवायचं, बरं दिसतं का?"

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त पिशवी पुन्हा हळूहळू फुगताना दिसली, आणि वाटलं, वाचलो.

तासाभराने वृषाली बाहेर आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो. प्रसादाची शिऱ्याची वाटी तिच्यापुढे तशीच राहिली.

"मेल्या का गं पेशी?" मी विचारलं.

"नाही. बऱ्याच जिवंत आहेत."

"मग झालं तर!"

 मग तिने हळूहळू सांगितलं. हवा नसताना पेशी गुदमरतात. त्या जगल्या तरी तेवढ्या वेळात तयार झालेलं औषध नेमकं तसंच असेल असं सांगता येत नाही. शिवाय आतल्या हवेचा दाब असतो म्हणून बाहेरचं काही आत शिरत नाही. दाब गेला तेवढा वेळ ती खात्रीही गेली. हे सगळं लिहायचं, आणि ही बॅच काढून टाकावी अशी शिफारस तिनेच सही करून द्यायची. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

इथे मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते. पण नाही लिहिलं तर या प्रवासात सांगण्यासारखं काही उरत नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेऊन म्हणालो, "वृषा, लाईट गेली होती म्हण ना. दोन मिनिटं. इकडे तर जातेच."

तिने अहवालाचा कागद पुढे ओढला.

"तुझ्या काकूचं आहे गं ते," मी म्हणालो.  "चालेल ना ते? जिवंत आहेत म्हणालीस. चालेल ना?"

"चालेल की नाही ते मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "म्हणूनच चालणार नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पेन उघडून ती लिहायला लागली. तेवढ्यात तात्या दारात आले, हातात टोपी. त्यांच्याकडे कुणी अजून जबाब मागितला नव्हता. "ल्हिव पोरी," ते म्हणाले. "माज्या हातानं बंद केलं. दोन्ही. आमी त्याला इसावा दिला गं." आणि ते तिथेच खाली बसले.

मला राग यायला हवा होता. पण त्या माणसाने घातलेले दोन हार मला दिसत होते, आणि मी काल कट्ट्यावर मान डोलावली होती.

फाटकावर मोबाइल परत मिळाला. सुमनचा निरोप आलेला होता, फोटोसकट. उघडून बघितला. आमच्या दुकानातला फ्रिज, दार सताड उघडं, आतून लख्ख पुसलेला. वरून झेंडूचा जाडजूड हार. हँडलवर कुंकवाची पाच बोटं. खाली तिने लिहिलं होतं, "तुम्ही करता तसंच केलं."

आणि फोटोच्या कडेला काउंटर. आमच्या दुकानाचं तोंड पूर्वेला आहे. ऑक्टोबरचं ऊन काउंटरवर पसरलेलं, आणि त्या उन्हात इन्सुलिनच्या खोक्यांशेजारी ओळीने ठेवलेली तीन पेनं.

मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. कंटेनर माझ्यापासून हातभर अंतरावरून जात होते, त्यांची मला भीती वाटली नाही.

फोन लावला. "किती वेळ बाहेर होतं सगळं?"

"दहापासून दीडपर्यंत. बर्फ वितळू दे म्हणलाव ना. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

दसरा, मोशी

औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, उन्हापासून दूर, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. बाहेर राहिलंच तर किती गरमीपर्यंत चालतं हेही पत्रकात छापलेलं असतं, आणि आमच्याकडची ऑक्टोबरची दुपार त्या आकड्याच्या कितीतरी वर असते. पूर्वी मी फ्रिजची पूजा करताना सगळं बर्फाच्या डब्यात काढून ठेवायचो. मग एका वर्षी डबा सापडला नाही, काही बिघडलंही नाही, आणि ते राहून गेलं. दर खंडेनवमीला सगळं काउंटरवर. त्या दिवशीही वहीत चार.

सकाळी वृषालीने पुरणपोळ्या केल्या. मी अर्धी खाऊन ताट सारलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

दुपारी तात्या सोनं घेऊन आले. आपट्याची पानं तिच्या हातात देताना ते मान वर करत नव्हते. कंपनीने त्यांना काढलं नव्हतं. वृषालीने अहवालात हेही लिहिलं होतं की शेडमधलं कोणतं मशीन कुणाचा श्वास चालवतं हे तात्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, तशी पाटीही तिथे नव्हती. त्या वाक्याने ते जास्तच खचलेले दिसले.

निघताना त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. "पाव्हणं, तुमी औषदवालं. त्या पिशवीतलं कुनासाठी हुतं?"

सांगितलं असतं तर मला मोकळं वाटलं असतं. "ते कुठं कळतं तात्या," मी म्हणालो. "कुणाचंही असू शकतं." त्यांनी दोन पानं माझ्याही हातावर ठेवली. सोन्यासारखं राहा म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो, आणि ते दचकून मागे सरकले.

सेलू

सुमन स्टेशनवर घ्यायला आली होती. घरी नाही, आधी दुकानात चल म्हणालो. शटर अर्धं उघडलं. हार अजून फ्रिजवर होता, फुलं काळवंडलेली.

मी तिला सगळं सांगितलं. पिशवी, तात्या, दोन कॉम्प्रेसर, मी वृषालीला काय करायला सांगितलं ते. मग काउंटरवरचं ऊन. ती ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने फ्रिज उघडला आणि एक पेन काढून उजेडात धरलं. आतलं पाणी स्वच्छ दिसत होतं.

"काही झाल्यासारखं दिसत नाही," ती म्हणाली. "एक देऊन बघा की."

"देता येणार नाही."

"खराब झालंय का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "म्हणूनच."

तिने पेन परत ठेवलं.  मग मी वही काढली. खंडेनवमीच्या ओळीत तिच्या अक्षरात चार होता, तिने आजवर काढलेला सगळ्यात देखणा. मी तिला लिहायचं पेन दिलं. माझ्याने खोडवेना.

"मी शिकवलेलं खोटं आहे ते," मी म्हणालो. "पण अक्षर तुझं आहे."

तिने चारवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "फ्रिज बंद. दहा ते दीड." खाली मी सही केली. इन्सुलिनची खोकीही बाजूला काढली. त्या दिवसानंतर ज्यांनी नेलं होतं त्या दोन घरी मी स्वतः जाऊन ती परत आणली. जे कारण सांगितलं ते त्यांना आवडलं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

वृषालीचा फोन येत असतो. ती पिशवी गेली. मधल्या तारखांच्या पिशव्या लागल्या, आमची पौषात लागेल. शेडमध्ये आता दोन मोठ्या पाट्या आहेत, तात्यांनी स्वतः रंगवलेल्या. डॉक्टरांनी तोवर जुन्या गोळ्या वाढवल्या आहेत. परदेशी इंजेक्शन कुठून एखादं मिळतं का ते मी शोधतो आहे.

फ्रिजमध्ये आता नवा तापमापक आहे आणि सुमन रोज सकाळी वाकून, बघून लिहिते. पाच. सहा. एकदा साडेसात होतं तेव्हा तिने मला झोपेतून उठवलं. वेणी परत मी घालतो. वही मी घेतो म्हणालो तर देत नाही.

काल सकाळी मी वही उघडली. ओळीत चार होता.

"सुमन, हे काय? बघून लिहिलंस ना?"

ती आतून आली, वहीत डोकावली.

"पाच आहे तो," ती म्हणाली. "बोट वळेना."